बाबांचं वय ६३, आणि डॉक्टर कमी तीव्रतेचं ट्रान्सप्लांट म्हणताहेत

गोंदियाच्या एका मुलीचा प्रश्न असा आहे: बाबा ६३ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. दोन केमो झाल्या, आता मॅरोत, म्हणजे हाडांच्या मगजात, आजार दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी डोनरच्या सेल्स घेऊन कमी तीव्रतेचं ट्रान्सप्लांट सुचवलं आहे. काका ६६ वर्षांचे, फुल मॅच. दादा ३१ वर्षांचा, हाफ मॅच. कमी तीव्रता म्हणजे परिणामही कमीच ना? मग एवढा धोका आणि खर्च कशाला? आणि करायचंच तर डोनर कोण, नागपुरात की मुंबईत?

ताई, मी नागपुरात रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट बघते आणि ट्रान्सप्लांट करते. हा प्रश्न माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतो, बहुतेक वेळा याच शब्दांत. घरात बसून दोनदा वाचता येईल, असं उत्तर देते.

‘कमी’ हा शब्द फक्त सेल्स चढवण्याआधीच्या केमोला लागू होतो. डोनरच्या सेल्स पूर्ण जातात, त्यांचं काम पूर्ण असतं आणि त्यांच्यापासून होणारा त्रासही पूर्ण असू शकतो. हे घरातल्या सगळ्यांना नीट कळलं, तर पुढचे सहा महिने तुम्ही योग्य ठिकाणी लक्ष ठेवाल.

सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी होती की ल्युकेमिया बरा करते ती केमो आणि रेडिएशन. इतका मोठा डोस द्यायचा की मॅरो पूर्ण जळून जाईल आणि तिच्यासोबत आजारही जाईल. मग डोनरची मॅरो द्यायची ती केवळ पेशंटला परत उभं करायला. अमेरिकेत डॉ. डोनॉल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांवर हे प्रयोग सुरू केले आणि त्यासाठी त्यांना १९९० चं नोबेल मिळालं. भारतात पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मॅरो देऊन. तो डोस तरुण शरीरच सोसू शकत होतं. पन्नाशीपुढच्या माणसाचं लिव्हर, फुप्फुस, आतडी त्यात टिकत नसत. म्हणून तुमच्या बाबांच्या वयाच्या पेशंटला त्या काळी कोणी ट्रान्सप्लांटचं नावही काढत नसे. खरं तर एएमएल हा मुख्यतः याच वयात होणारा आजार आहे.

मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जुळ्या भावाची, म्हणजे शंभर टक्के सारखी मॅरो दिलेल्या पेशंटमध्ये आजार जास्त वेळा परत येत होता. साध्या भावंडाची मॅरो दिली तर कमी. केमो दोघांनाही तीच. त्याच सुमारास जर्मनीत सीएमएलच्या, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, काही पेशंटचा आजार ट्रान्सप्लांटनंतर परत आला, तेव्हा त्यांना डोनरच्या रक्तातले फक्त लिम्फोसाइट दिले गेले आणि आजार पुन्हा गेला. म्हणजे डोनरच्या पांढऱ्या पेशी स्वतःच ल्युकेमियाला ओळखतात आणि मारतात. हे एकदा पटल्यावर ह्यूस्टन, जेरुसलेम आणि सिअॅटलच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी उलटा हिशोब मांडला: मॅरो जाळायचीच कशाला? पेशंटची प्रतिकारशक्ती डोनरच्या सेल्सना हाकलणार नाही एवढीच दाबायची, आणि बाकीचं काम त्या सेल्सवर सोपवायचं. सिअॅटलच्या पद्धतीत फ्लुडाराबिन हे केमोचं औषध आणि संपूर्ण शरीराला फक्त २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) रेडिएशन असतं. पूर्ण तीव्रतेत तेच साधारण १२ ग्रे.

आमच्याकडे शेतकरी पेशंट खूप. त्यांना मी असं सांगते: हरळी माजलेलं वावर खोल नांगरून, उन्हात तापवून साफ करता येतं, पण म्हाताऱ्या बैलांना ती नांगरट झेपत नाही. म्हणून आपण वरवर वखर फिरवतो, पेरणी करतो आणि निंदण करणाऱ्यांना वर्षभर वावरात ठेवतो. डोनरच्या सेल्स म्हणजे ते निंदण. काडी काडी उपटत जातात, पण एका दिवसात नाही.

‘एका दिवसात नाही’ यातच या पद्धतीची कमजोरी आहे, आणि ती मी लपवणार नाही. डोनरच्या सेल्सना आजार आवरायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर आजाराने वेग घेतला तर त्या मागे पडतात. अमेरिकेत ६५ वर्षांपर्यंतच्या, पूर्ण डोस सोसू शकतील अशा एएमएल आणि एमडीएसच्या (मॅरोचाच, एएमएलच्या जवळचा आजार) २७२ पेशंटमध्ये दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली. १८ महिन्यांत कमी तीव्रतेच्या गटात १०० पैकी सुमारे ४८ जणांचा आजार परत आला, पूर्ण तीव्रतेच्या गटात १३ ते १४ जणांचा. फरक इतका मोठा होता की नवे पेशंट घेणं मध्येच थांबवलं. दुसरी बाजू अशी की उपचारामुळेच दगावणारे कमी तीव्रतेत १०० पैकी ४ होते आणि पूर्ण तीव्रतेत १६. चार वर्षांनी कमी तीव्रतेच्या गटातले १०० पैकी ४९ जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६५.

हे वाचून लगेच ‘मग बाबांना पूर्णच डोस द्या’ असं म्हणू नका. तो अभ्यास फिट माणसांचा होता आणि त्यातले बरेच जण बाबांपेक्षा तरुण होते. चाळीशीतला धडधाकट पेशंट असेल तर मी पूर्ण डोसचाच आग्रह धरते. ६३ व्या वर्षी प्रश्न वेगळा असतो: कमी तीव्रतेचं ट्रान्सप्लांट, नाहीतर नुसती केमो. आणि या वयात बऱ्याच जणांचा एएमएल नुसत्या केमोने फार काळ दबून राहत नाही. शिवाय कमी तीव्रता ही एकच रेसिपी नाही. फ्लुडाराबिनसोबत दोन दिवसांचं बुसल्फान हलकं, फ्लुडाराबिन-मेलफालान त्याहून कडक, आणि ट्रिओसल्फान नावाचं औषध आजारावर जोरकस असूनही वयस्कांना बऱ्यापैकी सोसतं. तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा की यातलं कोणतं देणार आणि बाबांसाठी तेच का. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

पण त्याच्याही आधी एक कागद काढा. आजार निघाला त्या वेळच्या मॅरोचा जेनेटिक रिपोर्ट: कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, आणि एनपीएम१, एफएलटी३, टीपी५३ या जीन्समधले बदल. सगळ्याच एएमएलला पहिल्या रेमिशनमध्ये, म्हणजे आजार पहिल्यांदा दिसेनासा झाल्यावर, ट्रान्सप्लांट लागत नाही. एनपीएम१ पॉझिटिव्ह, एफएलटी३ निगेटिव्ह आणि केमोनंतर सूक्ष्म तपासणीतही आजार शिल्लक नाही, असं असेल तर नुसती केमो पूर्ण करून लक्ष ठेवणं हा रास्त मार्ग आहे, आणि मी तसे पेशंट ट्रान्सप्लांटविना ठेवलेही आहेत. उलट कॅरिओटाइप वाईट असेल, तर ट्रान्सप्लांट लांबवत बसणं धोक्याचं. एफएलटी३ पॉझिटिव्ह असेल तर ट्रान्सप्लांटनंतर सोराफेनिबसारख्या गोळ्या काही काळ देतात, त्याने आजार परतण्याचं प्रमाण कमी होतं. ‘रेमिशन’ या एका शब्दावर समाधान मानू नका. एमआरडी, म्हणजे सूक्ष्म तपासणीत शिल्लक दिसणारा आजार, किती, तो आकडा मागा. ट्रान्सप्लांटच्या दिवशी आजार जितका कमी शिल्लक, तितका डोनरच्या सेल्सना हातात वेळ जास्त.

वयाच्या आकड्यापेक्षा मी शरीर बघते. इको, फुप्फुसाची तपासणी, क्रिएटिनिन, लिव्हर, शुगर. सिअॅटलच्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये यासाठी एक स्कोर तयार केला, तो आम्ही रोज वापरतो. पण त्यासोबत मी पेशंटला ओपीडीच्या पॅसेजमध्ये माझ्याबरोबर चालायला लावते. ६८ वर्षांचे एक गुरुजी माझ्याशी बोलत बोलत दोन फेऱ्या सहज मारून आले, त्यांचं ट्रान्सप्लांट आम्ही केलं. ५५ वर्षांच्या दुसऱ्या एकाला जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं, त्यांना नाही म्हणावं लागलं. बाबांना आतापासून रोज सकाळ-संध्याकाळ चालायला लावा. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खात असतील तर आजपासून बंद. उद्यापासून नव्हे. तोंड आखडलेलं, दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या, अशा तोंडात काऊंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, शून्यावर गेल्यावर जो जंतुसंसर्ग होतो तो तिथून सरळ रक्तात उतरतो. दाताच्या डॉक्टरकडे आता जा, ट्रान्सप्लांटची तारीख ठरल्यावर वेळ मिळत नाही.

आता डोनर. सख्ख्या भावंडात फुल मॅच, म्हणजे पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा पूर्ण जुळणारा डोनर, निघण्याची शक्यता चारात एक, म्हणून काका जुळले हे नशीब. मूल मात्र वडिलांशी नेहमीच अर्धं जुळतं. पूर्वी हाफ मॅच म्हणजे जवळजवळ नकार असायचा, कारण डोनरच्या सेल्स पेशंटच्या शरीरावरच तुटून पडत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी एक जुनं, स्वस्त औषध वेगळ्या वेळी वापरून ती अडचण सोडवली. सेल्स दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइडचा मोठा डोस. पेशंटच्या शरीरावर चिडून वेगाने वाढायला लागलेल्या डोनरच्या टी-सेल्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यात मरतात. मूळ स्टेम सेल्सजवळ हे औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, त्या वाचतात. मला आजही ही युक्ती विलक्षण वाटते. २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलं की कमी तीव्रतेच्या ट्रान्सप्लांटमध्ये फुल मॅच डोनर असला तरीही हीच पद्धत जुन्या औषधांपेक्षा सरस ठरते. त्यामुळे काका असोत की दादा, बाबांना हे दोन डोस मिळण्याची शक्यता बरीच आहे.

मग काका की दादा? कागदावर फुल मॅच भाऊ पहिला. पण ६६ वर्षांच्या मॅरोतून सेल्स कमी निघतात, आणि या वयात काही जणांच्या स्वतःच्या मॅरोतही छोटे जेनेटिक बदल झालेले असतात, ते बाबांकडे जाऊ नयेत. काकांना शुगर, बीपी, हार्टचा त्रास आहे का, त्यांना इंजेक्शनं आणि मशिन झेपेल का, हे बाबांच्या नव्हे तर दुसऱ्या डॉक्टरने, फक्त काकांचं हित बघून ठरवायला हवं. काका खरोखर ठणठणीत निघाले तर मी त्यांना बाद करणार नाही. थोडीही शंका आली तर दादाकडे वळेन. दादासाठी एक तपासणी आवर्जून करून घ्या: बाबांच्या रक्तात दादाच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी आहेत का. केमोच्या काळात भरपूर रक्त-प्लेटलेट घेतलेल्या माणसात त्या तयार होऊ शकतात, आणि असल्या तर सेल्स न रुजण्याचा धोका वाढतो.

आणि ताई, तुम्ही स्वतःचं नाव यात कुठेच घेतलं नाही. तुम्हीही बाबांच्या हाफ मॅच आहात. आपल्याकडे मुलीचं लग्न व्हायचं असलं तर घरचे तिची तपासणीच करत नाहीत, लग्न झालं असलं तर सासरी विचारायला कचरतात. वैद्यकीय कारण एकच आहे: मुलं झालेल्या स्त्रीच्या सेल्स पुरुषाला दिल्या तर जुनाट जीव्हीएचडीचं, म्हणजे डोनरच्या सेल्स पेशंटच्या शरीरावर उठण्याचं, प्रमाण थोडं वाढतं, म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर आम्ही भावाला आधी घेतो. पण पर्याय म्हणून तुम्ही त्या यादीत असायलाच हव्या. डोनेशनने मूलबाळ व्हायला अडचण येत नाही, कमजोरी कायमची राहत नाही. चार-पाच दिवस जी-सीएसएफची, म्हणजे स्टेम सेल्स मॅरोतून रक्तात आणणारी, इंजेक्शनं, त्याने कंबर आणि मांड्या ताप आल्यासारख्या ठणकतात, पॅरासिटामॉलने भागतं. मग दोन्ही हातांना सुया लावून चार-पाच तास मशिनवर. संध्याकाळी घरी.

घरात कोणीच जुळत नसेल त्यांच्यासाठी दात्री आणि डीकेएमएस या डोनरच्या रजिस्ट्री आहेत. बाहेरचा डोनर शोधून, त्याची तपासणी करून सेल्स हातात येईपर्यंत महिने जातात, आणि रेमिशन तेवढं थांबेलच असं नाही. तुमच्या घरात डोनर असताना त्यात वेळ घालवू नका, असं माझं मत.

प्रत्यक्ष दिवस कसा असतो ते सांगते, कारण त्याची भीती उगाच फार असते. मेलफालान द्यायचं असेल तर आम्ही पेशंटला बर्फ चघळायला लावतो, औषध सुरू व्हायच्या आधीपासून ते संपल्यानंतरही थोडा वेळ. तोंड गार पडलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोचतं, तोंड कमी सोलवटतं. हिंगणघाटकडचे एक कापूस पिकवणारे काका तो बर्फ खाता खाता नर्सला जत्रेतल्या गोळ्याच्या गोष्टी सांगत बसले होते. त्यांच्या सेल्सची पिशवी आली तेव्हा त्यांची बायको हात जोडून उभी राहिली. घट्ट टोमॅटोच्या सारासारखा रंग, सलाइनच्या स्टँडला लटकवलेली, छातीतल्या लाइनमधून थेंब थेंब. काका पिशवीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे त रक्त लावल्यासारखंच हाय. एवढ्यासाठीच एवढं?” हो, एवढंच. ऑपरेशन नाही, भूल नाही. हाफ मॅचमध्ये त्यानंतर एक-दोन दिवसांत जोराचा ताप येतो, १०३ पर्यंतही जातो. ते अपेक्षित असतं, तरी आम्ही अँटिबायोटिक लावतोच.

मग काऊंट पडतात आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत वर यायला लागतात. हलक्या रेसिपीत केसही कधीकधी पूर्ण जात नाहीत, तोंडही बरं राहतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेशंट आपल्या पायाने घरी जातो. आणि इथेच माझी काळजी सुरू होते, कारण घरचे समजतात की झालं. पूर्ण तीव्रतेत सगळा मार पहिल्या महिन्यात बसतो आणि सगळे सावध असतात. कमी तीव्रतेत धोका पुढे सरकतो: दुसरा महिना, तिसरा, कधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करताना सहावा. आम्ही ‘१०० दिवस’ म्हणतो, पण मनात वर्षच धरा.

डोनरच्या सेल्स बाबांच्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर उठल्या तर त्याला जीव्हीएचडी म्हणतात. तळहात-तळपायाला, कानामागे लाल पुरळ. डोळे पिवळे. आणि पातळ जुलाब. चंद्रपूरच्या माझ्या एका पेशंटला ४५ व्या दिवसाच्या सुमारास जुलाब सुरू झाले. मुलीची सोयरीक ठरत होती, पाहुणे घरी, त्यांनी झुणका बाधला असेल म्हणून तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. आणलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. स्टेरॉइड आणि नंतर रुक्सोलिटिनिब देऊन सहा आठवड्यांनी ते सावरले. पहिल्या दिवशी फोन आला असता तर कदाचित काही दिवसांत भागलं असतं. तेव्हापासून मी घरी जाताना प्रत्येकाला मापाचा मग देते आणि जुलाब किती मिली ते वहीत लिहायला सांगते. लाज वाटते सगळ्यांना, तरी लिहा.

ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन झोपवू नका, हॉस्पिटलला निघा. म्हणून गोंदियाहून ये-जा करण्याचा विचार सोडून द्या. गाडीचे दोन-अडीच तास, त्यात गाडी लेट, हे त्या रात्री चालत नाही. पहिले १०० दिवस नागपुरात, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत खोली घ्या. खोली निवडताना ओल नसलेली, खिडकीत कबुतरं नसलेली, शेजारी बांधकाम नसलेली बघा. फोडलेल्या भिंतीच्या आणि उकरलेल्या मातीच्या धुळीत अॅस्परजिलस बुरशी असते, आणि आपल्या शहरात कुठला ना कुठला रस्ता, पूल कायम खोदलेला असतोच. आणि कूलर नको. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगताना मलाच वाईट वाटतं, पण ४५ डिग्रीतही नको. ओल्या ताट्या आणि टाकीतलं साचलेलं पाणी म्हणजे बुरशी आणि जंतूंचं घर, आणि कूलर ते सरळ तोंडावर फेकतो. फिल्टर धुतलेला एसी किंवा पंखा. एसीचं भाडं आणि वीजबिल औषधाच्याच खर्चात धरा.

खाणं घरचं, ताजं, पूर्ण शिजलेलं. टपरीवरचे तर्री पोहे, सावजी, उसाचा रस, बाहेरचं ताक वर्षभर विसरा. संत्रं चालतं, वरून साबणाच्या पाण्याने धुऊन, घरच्या माणसाने हात धुऊन सोलून दिलेलं. पपनस अजिबात नाही, त्याने टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी वाढते आणि किडनी दुखावते. गुळवेल, काढे, कुणी प्रेमाने आणून दिलेल्या पुड्या नाहीत. गुळवेलीने लिव्हरला सूज आलेले पेशंट मी पाहिले आहेत, आणि आपण मुद्दाम शांत ठेवलेली प्रतिकारशक्ती चाळवायची नाही. टॅक्रोलिमसची लेव्हल ज्या दिवशी काढायची, त्या सकाळी आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची. गोळी घेऊन आले की लेव्हल खोटी जास्त दिसते आणि डोस चुकीचा कमी होतो. ही चूक माझ्या ओपीडीत अजूनही महिन्यातून एकदा होते.

दर आठवड्याला सीएमव्ही या विषाणूसाठी रक्ताची पीसीआर तपासणी होईल. हा विषाणू आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या शरीरात झोपलेला असतो आणि या काळात जागा होतो. ३० व्या दिवसाच्या सुमारास कायमेरिझमचा रिपोर्ट येईल, म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती टक्के. ९० किंवा ८५ आलं की घरात रडारड होते. कमी तीव्रतेत काही काळ दोघांच्या पेशी एकत्र असणं चालतं. एकाच आकड्यापेक्षा तो वर चाललाय की खाली, ते बघायचं. खाली येत असेल तर आम्ही औषधं लवकर कमी करतो, कधी डोनरचे लिम्फोसाइट देतो.

नागपूर की मुंबई, याचं उत्तर नावाने देणार नाही. बाबांजवळ आई किंवा तुम्ही चार महिने सलग कुठे राहू शकता, ते आधी ठरवा. मग त्या युनिटला विचारा: वर्षाला हाफ मॅच किती करता, रेडिएशन दिलेलं रक्त रात्रीही मिळतं का, सीएमव्हीचा रिपोर्ट किती दिवसांत येतो, रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो. शेवटच्या प्रश्नाला लगेच उत्तर मिळालं तर मला त्या युनिटबद्दल भरवसा वाटतो.

पैशांबद्दल एकच सांगते. पॅकेज बहुतेक वेळा डिस्चार्जपर्यंतचं असतं. त्यानंतरची औषधं, पीसीआर, पुन्हा भरती, खोलीचं भाडं, हा खर्च वेगळा आणि मोठा. सगळी जमापुंजी वॉर्डात संपवलेली कुटुंबं पुढे दोन महिन्यांनी अँटिफंगल गोळी चुकवतात. योजना, मदतनिधी यांचे अर्ज आताच हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडून भरून घ्या.

पुढच्या भेटीला जेनेटिक रिपोर्ट आणि एमआरडीचा आकडा घेऊन जा, आणि त्याच दिवशी स्वतःचा एचएलएचा नमुना द्या. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की पुरतं. तोवर बाबांना प्लेटलेट लागल्या तर दादा, काका किंवा तुम्ही देऊ नका, मित्र-शेजाऱ्यांना सांगा. डोनर व्हायच्या माणसाचं रक्त आधीच दिलं तर वर सांगितलेल्या अँटिबॉडी तयार होण्याचा धोका असतो. आणि कंडिशनिंग, म्हणजे सेल्स चढवण्याआधीची केमो, सुरू झाल्या दिवसापासून रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर ‘इरॅडिएटेड’, म्हणजे रेडिएशन दिलेलं, हा शिक्का आहे का, ते लावण्याआधी नर्सबरोबर तुम्हीही बघा.